सोडायचा मासा : पाइन आयलंड साउंडमधल्या एका चार्टरचं प्रकरण

अण्णांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि त्या सकाळी जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

नोव्हेंबर २०१९. अण्णा, माझे वडील, रेवदंड्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फ्लोरिडात टॅम्पाला आले होते. वय ७१. नोकरी एसटीत झाली, पण हात खाडीचे. कुंडलिकेच्या मुखाशी आठव्या-नवव्या वर्षापासून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकलेला माणूस. इथं आल्यावर दोन आठवडे बंद काचेच्या घरात बसून ते कोमेजायला लागले, म्हणून मी मासेमारीची अर्ध्या दिवसाची चार्टर, म्हणजे भाड्याची बोट, ठरवली. चार तास, बोट कप्तानाची, रॉड-गळ-आमिष त्याचंच, माणसं आम्ही तीन : अण्णा, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. ४५० डॉलर, वर टिप. स्नूक, रेडफिश आणि सीट्राउट या तीन जातींचा मासा धरला तरी सोडायचा, घरी नेता येणार नाही, हे कप्तानाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. अण्णांना मात्र एवढंच सांगितलं, "शनिवारी मासे धरायला जायचंय." ते शुक्रवारी रात्रीच माशांसाठी जाड पिशवी शोधायला लागले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की जीभ रेटली नाही.

हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे, कारण आई-वडिलांना अशा बोटीवर नेणारा मी काही एकटा नसेन. आणि धरलेला मासा सोडण्यामागचा विचार आपल्याकडच्या खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगणं किती अवघड आहे, हे मला त्या चार तासांत कळलं.

बंदी का होती

पाइन आयलंड साउंड ही फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावरची उथळ, आडव्या पसरलेल्या पाण्याची खाडी. एका अंगाला पाइन आयलंड, दुसऱ्या अंगाला सॅनिबेल, कॅप्टिव्हा, नॉर्थ कॅप्टिव्हा आणि कायो कोस्टा ही वाळूची बेटं. मधे समुद्री गवताची कुरणं आणि लाल खारफुटीची बेटुकली. ऑक्टोबर २०१७ च्या सुमारास या किनाऱ्यावर रेड टाइड सुरू झाली. कॅरेनिया ब्रेविस नावाचं एकपेशीय शैवाल मेक्सिकोच्या आखातात नेहमीच थोडंफार असतं. ते वाढतं किनाऱ्यापासून दूर आणि वारा-प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतं. त्याचं विष माशांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं, आणि लाटा फुटल्या की हवेत मिसळून माणसांना खोकला आणतं. या वेळी ते पाणी हटेचना. २०१८ चा उन्हाळा सगळ्यांत वाईट गेला. पुळणींवर मेलेल्या माशांचे थर. त्यांत स्नूक होते, रेडफिश होते, माणसापेक्षा जड गोलियाथ ग्रूपर होते. कासवं, मॅनटी या समुद्रगाई. जुलैत सॅनिबेलला २६ फुटी व्हेल शार्क मरून लागला. ऑगस्टमध्ये गव्हर्नरांनी सात काउंट्यांत आणीबाणी जाहीर केली, आणि महिनाअखेरीस राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने या पट्ट्यात स्नूक आणि रेडफिश फक्त धरून सोडायचे, असा हुकूम काढला. २०१९ च्या मे महिन्यात त्यात सीट्राउटही आला.

एरवी नोव्हेंबर हा आखाताच्या बाजूला स्नूकचा खुला हंगाम. माणशी दिवसाला एक, तोही २८ ते ३३ इंचांमधलाच. त्याहून लहान सोडायचा, मोठाही सोडायचा. चार्टरवर कप्तानाला स्वतःच्या वाट्याचा स्नूक ठेवता येत नाही. हा मासा विकायला तर १९५७ पासून बंदी आहे. म्हणजे फ्लोरिडाच्या कुठल्याही बाजारात स्नूक मिळत नाही. खायचा तर स्वतः धरायचा, किंवा कोणा मित्राने धरलेला.

मोठा मासा का सोडायचा, हे अण्णांना सगळ्यांत लवकर पटलं, कारण स्नूक म्हणजे जवळजवळ आपला जिताडाच. तसाच पुढे आलेला खालचा जबडा, तशीच पाठीची कमान, तसाच दोन भागांचा पाठीवरचा पर. फक्त अंगावरून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ वेगळी. शास्त्रज्ञसुद्धा पूर्वी दोघांना एकाच कुळात मोजत. दोघांची रीतही एक : जन्माला येताना नर, वाढल्यावर मादी. ३३ इंचांवरचा स्नूक बहुतेक मादीच असते, पोटात लाखो अंडी घेऊन खाडीच्या मुखाशी जाणारी. अलिबागच्या खारेपाटात तळ्यांमधून जिताडा वाढवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

पाग

सकाळी सातला मॅटलशेच्या धक्क्यावरून निघालो. कप्तान पन्नाशीचा, उन्हाने करपलेला, हळू बोलणारा. त्याच्याकडचा परवाना कोस्ट गार्डचा, जास्तीत जास्त सहा गिऱ्हाइकं नेण्याचा. आम्हाला वेगळा मासेमारी परवाना लागत नव्हता, तो बोटीच्या परवान्यातच येतो.

पहिला तास आमिष धरण्यात गेला, आणि मला विचाराल तर चारही तासांत तोच सोन्याचा होता. इथं जिवंत आमिषासाठी पिलचर्ड धरतात, आपल्या तारलीच्या भावकीतला बोटभर मासा. गवताच्या कुरणावर कप्तानाने चुरा टाकला, पाणी चमचमायला लागलं, आणि त्याने पुढच्या फळीवर उभं राहून जाळं हातात घेतलं. शिशाच्या दोरीचा एक वेढा दातांत, निम्मा घोळ कोपरावर, निम्मा उजव्या हातात. अण्णा एकदम ताठ झाले. "अरे, हा तर पाग!"

पागच होता. नायलॉनचा, दहा फुटी, पण पागच. फ्लोरिडात तो चौदा फुटांपर्यंत चालतो. कप्तानाने तीन वेळा टाकला. चौथ्या वेळी अण्णांनी हात पुढे केला. मी भाषांतर करायला तोंड उघडण्याआधीच कप्तानाने त्यांच्या मनगटात फास अडकवला होता. अण्णांनी दोर ओला केला, शिसं दातांत धरलं, कमरेतून वळले आणि सोडला. पाग पाण्यावर ताटासारखा गोल उघडला. मुलगा ओरडला, कप्तानाने टोपी काढली. वर ओढला तेव्हा हौदात टाकायला दोनशेएक तारल्या होत्या. अण्णा म्हणाले, "पाणी उथळ आहे. आपल्याकडे पाग बुडायला वेळ लागतो." ते पुढे दहा मिनिटं त्या पाण्याकडेच बघत होते. आपल्याकडे उधाणाला तीन-चार मीटर पाणी चढतं, इथं दोन-तीन फूट. थंडीतला उत्तरेचा वारा लागला तर भरतीलाही पाणी येत नाही, हे कप्तानाने सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या नात्यातल्या माणसाची तब्येत कळली.

तीन मासे

खारफुटीच्या कडेला कप्तानाने नांगर टाकला नाही. पुढच्या विजेच्या मोटरनेच बोट जागेवर धरून ठेवली, म्हणजे खाली गवत उकरलं जात नाही. ओहोटी लागली होती, खारफुटीच्या मुळांमधून पाणी बाहेर ओढलं जात होतं. त्या मुळांच्या तोंडाशी स्नूक उभे राहतात, वाहून येणारं गिळायला.

पहिला स्नूक माझ्या गळाला लागला, जेमतेम वीस इंचांचा. दुसरा अण्णांच्या. त्यांच्या हातात रॉड विचित्र दिसत होता. ते गळ टाकतात तो तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बोटावर घेऊन, रॉडवर नाही. पण मासा लागल्यावर हाताला शिकवावं लागलं नाही. मासा मुळांकडे पळाला तेव्हा त्यांनी त्याला दोरी दिली नाही, बाजूला वळवला. पाण्याबाहेर दोनदा उडाला. कप्तानाने जबड्याखाली अंगठा आणि पोटाखाली हात देऊन तो आडवा धरला, फळीवरच्या मापावर ठेवला : ३० इंच. एरवीच्या वर्षी हा मासा ठेवता आला असता.

अण्णांनी पिशवी काढली.

मी तेव्हा सांगितलं. भर बोटीवर, मासा त्यांच्यासमोर असताना. ते आधी हसले, मी चेष्टा करतोय असं वाटून. मग कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाला मराठी येत नव्हती, पण पिशवी दिसली होती. त्याने मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, आणि अण्णांना खुणेने जवळ बोलावलं. त्यांचा हात घेऊन माशाच्या शेपटीच्या बुडख्याशी ठेवला. अर्धा मिनिट तसंच. कल्ले उघडमीट झाले, मग शेपटीने अण्णांच्या तळहाताला एक झटका दिला आणि मासा मुळांत नाहीसा झाला. अण्णा काही बोलले नाहीत. पिशवी घडी करून खिशात ठेवली.

इथवर सगळं निभावलं होतं. प्रकरण चिघळलं ते तिसऱ्या माशावर.

मुलगा कंटाळला होता, म्हणून कप्तानाने त्याला गवताच्या कुरणावर बोया आणि कोळंबी लावून दिली. सोपं काम : बोया बुडाला की ओढायचा. त्याचं लक्ष डॉल्फिनकडे होतं. साउंडमध्ये डॉल्फिन पुष्कळ. बोया बुडून बराच वेळ झाला होता. ओढला तर सीट्राउट, पंधराएक इंचांचा, आणि गळ पार घशात. नावात ट्राउट असला तरी हा मासा आपल्या ढोम्या-घोळीच्या कुळातला, आणि स्नूकपेक्षा बराच नाजूक. कप्तानाने गळ ओढायचा प्रयत्न केला नाही, दोरी तोंडाशी कापली. तरी कल्ल्यातून रक्त येत होतं. दोन मिनिटं पाण्यात धरला. सोडला की उलटा होई. पुन्हा धरला. पुन्हा उलटा.

अण्णा म्हणाले, "मेला तो. दे इकडे, निदान खाऊ."

मी भाषांतर केलं. कप्तानाने मान हलवली. मेलेला असला तरी पाण्यातच टाकावा लागतो. अण्णांचा आवाज चढला. मी त्यांना परक्या माणसासमोर असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "मेलेलं अन्न पाण्यात फेकायचं? हे कुठलं शास्त्र? धरू नका म्हणा, मग आम्ही धरणार नाही. पण मारून फेकायचं, हे पाप आहे." मुलगा रडायला लागला, कारण मासा त्याने मारला होता. कप्तानाने हात मोकळा केला. ट्राउट पांढरं पोट वर करून वीसेक फूट वाहत गेला, आणि डॉल्फिनने तो उचलला. कप्तानाने लगेच मोटर सुरू करून जागा सोडली. सोडलेला मासा आयता मिळतो हे डॉल्फिनला एकदा कळलं की ते बोटीमागून हलत नाहीत, मग तिथं सोडलेला कुठलाच मासा वाचत नाही.

कोण बरोबर होतं

यावर मी खूप विचार केला आहे.

कायद्याच्या बाजूने कप्तान बरोबर होता, आणि कायदाही बरोबर आहे असं माझं मत आहे. मेलेला मासा ठेवायची मुभा दिली तर संध्याकाळी धक्क्यावर येणारा प्रत्येक मासा 'गळ घशात गेला होता' म्हणून येईल. कल्ल्यात बोट घालून मासा मारायला दोन सेकंद लागतात, आणि मासा कसा मेला ते धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला कळायचा मार्ग नाही. ही सूट नाही म्हणूनच कप्तान मासा जगवायला दोन-दोन मिनिटं पाण्यात हात घालून बसतो.

पण अण्णांचं म्हणणंही मी सोडून देऊ शकत नाही. धरून सोडण्याचा नियम मासा जगेल या भरवशावर उभा आहे, आणि तो भरवसा दर माशागणिक वेगळा. स्नूकच्या बाबतीत तो भक्कम आहे : २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या अभ्यासात सोडलेल्या स्नूकपैकी जेमतेम २ टक्के दगावले. ट्राउटला तो आकडा लावता येत नाही, आणि गळ घशात गेला असेल तर कोणालाच नाही. मासा दगावण्याची कारणंही ठाऊक आहेत : खोल गेलेला गळ, कोरड्या हातांनी धरणं, जबड्याला उभं लटकवून फोटो, पाण्याबाहेर घालवलेला वेळ, पाण्याची ऊब. ही सगळी माणसाच्या हातातली आहेत.

म्हणून माझा ठपका त्या बोयावर आहे. स्नूकला कप्तानाने आत वळलेला गोल गळ लावला होता, जो घशातून घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मुलाच्या दोरीला मात्र साधा सरळ गळ होता. लक्ष न देणाऱ्या पोराच्या हातात तर गोल गळच हवा, तोही टोकाजवळचा उलटा काटा ठेचून सपाट केलेला. परतताना मी हे कप्तानाला म्हटलं. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, बरोबर आहे, आज पोराला मजा यावी म्हणून मी घाई केली. दुसरा ठपका माझ्यावर : अण्णांना आदल्या रात्री सांगितलं असतं तर ते रागावले असते, पण घरी. पिशवी बोटीवर आली नसती आणि नातवाने तो आवाज ऐकला नसता.

इथल्या कोळ्यांचं काय झालं

जागा बदलल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णांनी मला विचारायला लावलं, "हे पाणी एवढं भरलेलं, तर इथले कोळी कुठे आहेत? एक जाळं दिसत नाही."

कप्तानाने बोटीचा वेग कमी केला. त्याचे वडील इथलेच, गिलनेटने, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणाऱ्या जाळ्याने, बोय मासा धरणारे. नोव्हेंबर-डिसेंबरात बोयीच्या गाबोळीवर घर चालायचं. नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडाने मतदान घेऊन राज्यघटनेतच दुरुस्ती केली, सुमारे ७२ टक्के मतांनी, आणि १ जुलै १९९५ पासून राज्याच्या पाण्यात गिलनेट बंद झालं. सरकारने जाळी विकत घेतली. कोणी शिंपल्यांच्या शेतीत गेले, कोणी रंगकाम-सुतारकामात, काही बोट घेऊन गिऱ्हाइकांना फिरवायला लागले. कप्तानाच्या वडिलांनी जाळी दिली आणि पुन्हा कधी या पाण्यात उतरले नाहीत. तो स्वतः मात्र आता ज्यांनी त्या बंदीला मत दिलं त्यांनाच मासे धरून देतो, असं म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण बोलणं तिथंच थांबवलं.

चार्टरच्या गोडव्यांत ही बाजू सहसा येत नाही, आणि ती यायला हवी. स्नूक सोडण्यात कप्तानाचा फायदा सरळ आहे. तोच मासा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला झुंज देऊ शकतो, म्हणून धंदा बसलेला असतानाही कित्येक कप्तान बंदीच्या बाजूने उभे राहिले. पाणी वाचवण्यासाठी त्यांची संघटनाही आहे, २०१६ मध्ये उभी राहिलेली कॅप्टन्स फॉर क्लीन वॉटर. पण जाळं टाकून विकणाऱ्याला सोडलेल्या माशाचे पैसे कोण देणार? अण्णांनी नेमकं हेच विचारलं. मी भाषांतर केलं नाही. कप्तानाने त्याचं उत्तर आधीच दिलं होतं असं मला वाटलं.

शेवटच्या पाऊण तासात त्याने आम्हाला एका जुन्या धक्क्याच्या खांबांशी नेलं. तिथं मँग्रोव्ह स्नॅपर होते, आपल्या तांबोशीच्या घरातले. दहा इंचांवरचे, माणशी पाच ठेवता येतात. आम्ही सात ठेवले. मुलाच्या दोरीला आता गोल गळ होता. पिशवी पुन्हा बाहेर आली. धक्क्यावर कप्तान सुरीने दोन बाजूंचे तुकडे काढून डोकी टाकायला निघाला तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला. सातही डोकी आमच्याबरोबर घरी आली, आगळ घालून कालवण झालं. मुलगा आधी जेवेना. अण्णांनी त्याला मांडीवर घेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण नंतर तो जेवला.

निघताना मी ९० डॉलर टिप दिली. अण्णांनी बोटीवर परत जाऊन पागाच्या घोळात एक फाटकी जागा दाखवली आणि कप्तानाची सुई मागून घेऊन ती तिथंच ओवली. वीस मिनिटं लागली. कप्तान शेजारी बसून बघत होता.

अण्णा जानेवारीत परत गेले. साउंडमधली बंदी पुढे वाढत गेली.

पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा अण्णांचा फोन आला. खाडीत पाग टाकला होता, वीतभर जिताडा आला. त्यांनी तो हात ओला करून धरला, तोंड प्रवाहाकडे केलं, शेपटीचा झटका लागेपर्यंत थांबले आणि सोडला. शंभर पावलं खाली दुसऱ्याचा पाग पडला होता. त्याने वर ओढला आणि हाक मारली, "काका, तुमचा मासा माझ्याकडे आला!"

मी विचारलं, मग?

"मग काय," अण्णा म्हणाले, "त्याच्या घरी चार तोंडं आहेत. मी काय बोलणार?"